मराठवाड्यात सहा फुटी रीफ टँक : आधी पाणी, ऊन आणि वीज

गोदाकाठ, नांदेड

रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिची जी माहिती सहज हाती लागते ती थंड देशांतली असते, नाहीतर मुंबईच्या दमट हवेतली. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ३६-३८ अंश, नळाला चार-आठ दिवसांनी पाणी आणि दुपारची वीज बेभरवशाची. म्हणून हा धागा उलट्या टोकाने सुरू करतोय. आधी पाणी, ऊन आणि वीज यांचा हिशोब, मग मासे.

सगळ्यांनी एकच माप धरून बोलू या: ६ × २ × २ फूट. हे २४ घनफूट झाले, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर. दगड-वाळूने व्यापलेली जागा आणि वरचे दोन इंच सोडले की ६०० च्या आसपास पाणी उरतं. खाली ४ × १.५ × १.५ फुटांचा सम्प (पंप-फिल्टरची दुसरी टाकी), त्यात चालू असताना १७० लिटर. पुढचे सगळे आकडे सोपे पडावेत म्हणून एकूण ८०० लिटर धरतो.

मीठ: समुद्राची क्षारता हजारात ३५. बाजारच्या मिश्रणात ओल असते, त्यामुळे लिटरला ३५ ऐवजी ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. ८०० लिटरला जवळपास ३० किलो. ते एकदम घ्या, पण सीलबंद. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी दगड होते आणि तसलं मीठ विरघळवलं की पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम खाली बसतं. आधी पाणी, त्यात हळूहळू मीठ. उलटं केलं तरी तोच परिणाम. पंप लावून २४ तास फिरवा, मगच मोजा. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्यावा. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य केलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला दोन-तीन अंक सहज चुकतो.

सेलूकर, परभणी

दादा, पहिलाच प्रश्न. एवढी टाकी पहिल्या मजल्यावर चालेल का? स्लॅब आरसीसीचा आहे, खाली दुकान आहे.

बालाघाट, बीड

वजन मांडून बघा. पाणी वरचं-खालचं मिळून ८०० किलो, १५ मिमी काचेची टाकी १५० च्या वर, सम्पची काच ४०-५०, दगड-वाळू ८०, लोखंडी स्टँड ८०-१००. बेरीज ११५० ते १२०० किलो. आणि हे सगळं १.१ चौरस मीटरवर. राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर चालत्या भारावर काढलेला असतो. म्हणजे खोलीच्या मधोमध ही टाकी ठेवायचा विचारच नको. बीमवर, कॉलमला लागून, लांबी बीमच्या दिशेने किंवा स्लॅबच्या सळयांना आडवी जात असेल तर विचार करता येतो, तोही इमारतीचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच. नकाशा नसेल तर तळमजला.

तळमजल्यालाही आपल्याकडे एक खोड आहे, आणि ती बाहेरच्या कुठल्याच माहितीत सापडणार नाही. काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात मुरमाचा भराव नीट चोपलेला नसेल तर फरशी एका कोपऱ्यात ४-५ मिमी बसते. घराला त्याने काही होत नाही, टाकीच्या सिलिकॉनच्या सांध्याला होतं. जिथे टाकी येणार तिथली फरशी ७ × ३ फूट उचला, खालची काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा, मुरूम पाणी मारून थरांनी ठोकून घ्या, वर ६ इंच काँक्रीट, त्यात ८ मिमीची जाळी. २१ दिवस पाणी मारा. पाणसळ ६ फुटांना कमी पडते. लेव्हल ट्यूबने चारही कोपरे बघा. जुनं माळवदाचं घर असेल तर जाड भिंतीची खोली थंड राहते, टाकीला उत्तम. पण मातीची जमीन असल्यामुळे हे काँक्रीट तिथे टाळता येत नाही.

स्टँड ५० × ५० × ३ मिमीच्या चौकोनी पाइपचा, रेड ऑक्साइडवर दोन हात इपॉक्सी. त्यावर १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय, त्यावर टणक थर्माकोल १२ मिमी. भरल्यावर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याची रेघ दोन्ही टोकांना पट्टीने मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर वाट बघू नका.

खाम, छत्रपती संभाजीनगर

काचेबद्दल थोडक्यात. २ फूट उंची आणि ६ फूट लांबीला वर चारही बाजूंनी पट्टी लावत असाल तर १५ मिमी, पट्टीशिवाय मोकळा काठ हवा असेल तर १९ मिमी. खिडक्यांच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते नको. टाकी बांधल्यावर आठवडाभर वाळू द्या, मग अंगणात साध्या पाण्याने भरून ४८ तास ठेवा. ते पाणी झाडांना घाला.

भोकं टाकी बांधायच्या आधीच पाडून घ्यायची. वरचं पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या ओव्हरफ्लोला तीन पाइप ठेवा: पहिला पूर्ण भरून वाहणारा, त्याला गेट व्हॉल्व्ह, दुसऱ्यातून बारीक धार, तिसरा कोरडा, फक्त संकटकाळासाठी. पहिल्यात शेवाळाचा गोळा अडकला तरी हॉलमध्ये पाणी येत नाही. सगळं यूपीव्हीसी. पितळी व्हॉल्व्ह, जीआय निप्पल, तांब्याचा एकही तुकडा खाऱ्या पाण्यात नको. तांबं अगदी थोडं उतरलं तरी प्रवाळ आणि कोळंबी टिकत नाहीत.

सम्पमध्ये जागा मोकळी का ठेवायची, तर वीज गेली की वरचं पाणी खाली येतं. ६ × २ फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. रिटर्नचं, म्हणजे सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपाचं, तोंड दोन इंच बुडालेलं असेल तर ५६ लिटर सायफनने खाली येणार. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या अर्धा-पाऊण इंच खालीच. सायफन तोडायला भोक पाडतात ते चालतं, पण त्यात शेवाळ बसतं, त्याच्यावर विसंबू नये. पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून सम्प कुठवर भरतो तिथे मार्करने रेघ मारा.

मांजरा, लातूर

पाण्याचं बोला. आमच्याकडे बोअरचं टीडीएस (विरघळलेले क्षार) १२०० दाखवायलंय. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालणार नाही का?

गोदाकाठ, नांदेड

जसंच्या तसं नाही. पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, कुठे मिनरलचं कार्ट्रिजही. ते दोन्ही बंद केले तर यंत्र कामाचं आहे. त्यापुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडायची आणि शेवटी टीडीएस शून्य यायला हवं.

आता १२०० चं गणित. आरओची मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) चांगली असली तरी ९६ टक्के अडवते, पुढे ४८ जातं. धरणाच्या २५० टीडीएसच्या पाण्यात तिथे १० जाईल. म्हणजे तुमचं रेझिन पाचपट लवकर संपणार. यावर उपाय म्हणजे दोन वेळा आरओ: पहिल्या मेम्ब्रेनचं पाणी स्वच्छ पिंपात, तिथून बूस्टर पंपाने दुसऱ्या मेम्ब्रेनला, मग डीआय. पिंपात एक दिवस एअरस्टोन लावला तर बोअरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तोही रेझिन खातो आणि टीडीएस मीटरवर फारसा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या काळ्या पाषाणातली. इथल्या भूजलात सिलिका भरपूर असते. डीआय रेझिन संपत आलं की आधी सिलिका सुटते, टीडीएस नंतर चढतं. मीटर शून्य दाखवत असतो आणि वाळूवर डायटम या तपकिरी शेवाळाचा थर येत राहतो. नवीन टाकीत महिनाभर डायटम येणं रास्तच. सहाव्या महिन्यात परत आला तर पहिला संशय रेझिनवर घ्या. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर तीन-चतुर्थांश रंग पालटल्यावर बदला, पूर्ण पालटायची वाट बघू नका.

मांजरा, लातूर

आणि वाया जाणारं पाणी? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात राहतो. एक टाकी भरायला किती पाणी ओतायचं हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर हा छंद आपल्याकडे करू नये असं मला वाटतं.

तेरणा, धाराशिव

मांजरादादा, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. हिशोब असा. आरओत एका लिटरमागे साधारण दोन लिटर बाहेर. पहिल्यांदा भरायला ८०० चे २४०० लिटर कच्चं पाणी, म्हणजे ५ हजारी टँकरचा निम्मा. पुढे महिन्याला १० टक्के पाणी बदल ८० लिटर, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन दिवसाला १० ते १२ लिटर, महिन्याचे साडेतीनशे. मिळून ४३० लिटर शुद्ध, १३०० लिटर कच्चं. हिवाळ्यात याच्या निम्मं.

सोडलेलं पाणी गटारात जाता कामा नये. वेगळी २०० लिटरची टाकी, तिथून फरशी पुसणं आणि संडासाला. १२०० टीडीएसच्या बोअरचं सोडलेलं पाणी १८०० च्या आसपास जातं, ते कुंड्यांना रोज घालू नका. तुळस आणि गुलाब आधी मरतील.

काहीजण पाणी वाचवायला आरओचा व्हॉल्व्ह आवळून एकास एक करतात. धरणाच्या पाण्यावर ते काही काळ निभतं, जड बोअरवर मेम्ब्रेनमध्ये चुना बसतो आणि सहा महिन्यांत ती फेकावी लागते. एकास दोनच्या खाली जाऊ नका.

पावसाचं पाणी: पहिल्या दोन-तीन सरी सोडून धुतलेल्या स्लॅबवरचं साठवलं तर टीडीएस फार कमी असतं. कार्बन, आरओ, डीआय तरीही हवंच, पण रेझिन जवळपास खर्चच होत नाही. जूनच्या शेवटी टाकी भरायची आखणी केली तर पहिले ८०० लिटर पूर्ण पावसाचे होतात. आपल्याकडे टाकी सुरू करायचा खरा मुहूर्त तोच.

टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र बागेत, शेतात, बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात कधीच नाही. ८० लिटरमध्ये २ किलो ८०० ग्रॅम मीठ असतं. काळ्या जमिनीतून ते निघत नाही.

सेलूकर, परभणी

कोकणातून समुद्राचंच पाणी आणलं तर?

तेरणा, धाराशिव

शेकडो किलोमीटरवरून किनाऱ्याचं पाणी आणायचं, त्यात गाळ, सांडपाणी, पावसाळ्यात पडलेली क्षारता, आणि दर महिन्याच्या बदलाला परत तीच वारी. नको.

खाम, छत्रपती संभाजीनगर

आता ऊन. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं. ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर प्रवाळ आतलं सूक्ष्म शेवाळ टाकून देतात आणि पांढरे पडतात. शिवाय पाणी तापलं की प्राणवायू घटतो: खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० ला ६.२.

टाकीत उष्णता कुठून येते बघा. खोली ३६ आणि पाणी २६ असताना नुसत्या काचेतून जवळपास १८० वॅट आत येतात. पंपांचे १००-१२०. दिवे लागलेले असताना त्यांचे २०० पैकी बराचसा भाग. म्हणजे ऐन दुपारी ४५०-५०० वॅटची शेगडी लावल्यासारखं.

बाहेर काढायचे दोन मार्ग. एक लिटर पाणी उडून गेलं की सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. दिवसाला १० लिटर उडाले म्हणजे सतत २८० वॅट बाहेर. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर तिरपे मारलेले दोन पंखे ३-४ अंश सहज उतरवतात, मुंबईत हे होत नाही. पण खोलीत डेझर्ट कूलर लावला की हवा दमट होते आणि टाकीचे पंखे निरुपयोगी ठरतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: कूलर लावल्यावर माणसाला गार वाटतं आणि टाकी तापते.

दुसरा मार्ग चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. पेटीवर ८०० लिटरला पाव एचपी लिहिलं असलं तरी तसले आकडे सौम्य हवेचे असतात. इथे अर्धा एचपी घ्या. आणि तो टाकीखालच्या कपाटात ठेवू नका; टाकीतून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडून तीच हवा परत ओढणार. बाहेर उत्तरेच्या सावलीत किंवा डक्टमध्ये, पाइपांना एसीवाल्यांकडचं काळं इन्सुलेशन.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि सर्वात वरचा मजला नको. स्लॅब रात्री बारापर्यंत खाली ऊन सोडत असतो. दिवे दुपारी लावायची सक्तीच नाही. संध्याकाळी ४ ते रात्री १२ ठेवले तर दुपारची शेगडी अर्ध्यावर येते आणि घरातल्यांना टाकी उजळलेली बघायलाही मिळते.

मांजरा, लातूर

मग पाणी वाचवायचं तर पंखे बंद, वर झाकण आणि चिलर, असंच ना?

खाम, छत्रपती संभाजीनगर

पूर्ण झाकण नाही, प्राणवायूची देवघेव पृष्ठभागावरच होते. पण हिशोब बरोबर आहे. १० लिटर बाष्पीभवनाचं काम चिलरने करायचं तर रोज अडीच-तीन युनिट वीज जाते. पंख्यांनी केलं तर ३० लिटर कच्चं पाणी. ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांनी चिलरवर भर द्यावा. बाकीच्यांनी फेब्रुवारी ते मे पंखे आधी २५.५ ला, चिलर २६.५ ला सुरू होईल असं लावावं. जूनपासून हवा दमट, तेव्हा चिलरच.

थंडी विसरू नका. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो. ३०० वॅटचे दोन हीटर, एक मोठा नको. हीटर बहुतेक चालू अवस्थेत अडकून बिघडतात. ३०० वॅटचा एकटा ८०० लिटर पटकन उकळवू शकत नाही आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र काढतो. वर वेगळा कंट्रोलर हवाच.

दुधना, जालना

विजेचं मी लिहिते.

टाकीसाठी वेगळं सर्किट, त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. हे सोडून बाकी कशावरही काटकसर करा. पण आरसीसीबी गळती होताक्षणी पडायला अर्थिंगही चांगलं हवं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वाळून भेगाळते. मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी खड्ड्यात. आरओचं सोडलेलं पाणी इथे वापरा.

प्रत्येक वायर सॉकेटला जाण्याआधी सॉकेटच्या खाली झोका घेऊन वर जायला हवी, म्हणजे घरंगळलेला थेंब खाली पडतो. बोर्ड टाकीच्या बाजूला भिंतीवर, सम्पच्या कपाटात अजिबात नाही. कपाटात खारी वाफ असते, सहा महिन्यांत संपर्क हिरवे पडतात.

चिलरला स्टॅबिलायझर, त्यात ३ मिनिटांचा विलंब. वीज गेली-आली की कॉम्प्रेसर लगेच दाबाविरुद्ध सुरू होतो आणि जळतो.

लोडशेडिंगमध्ये काय वाचवायचं, तर पाण्याची हालचाल. माशांनी भरलेल्या टाकीत पाणी थांबलं की दोन-तीन तासांत प्राणवायू खाली येतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, पण हजारच्या पुढे ओढू नये. टाकीत प्रवाह करणारा एक वेव्हमेकर २५ वॅट, डीसी रिटर्न पंप कमी वेगावर ४० वॅट आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरून १० तास निघतात. चिलर, हीटर, मोठे दिवे त्यावर नकोत. शिवाय बॅटरीवरचा एक छोटा एअरपंप कायम जोडून ठेवा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. मे महिन्यात दुपारी सहा तास वीज गेली तर आरओच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवलेल्या असाव्यात. बंद बाटली सम्पमध्ये सोडायची, बर्फ थेट टाकायचा नाही.

सेलूकर, परभणी

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. आता दगड. वेरूळच्या बाजूचा सच्छिद्र काळा दगड स्वस्तात मिळतो. तो वापरला तर? आणि प्रवाळ कुठले घ्यायचे?

गोदाकाठ, नांदेड

भरीव काळा पाषाण जड असतो आणि त्यात जिवाणूंना घर नाही. जाळीदार दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या, झिओलाइट असतात, लोहही सुटतं. टाकी बिघडेलच असं नाही, पण फायदा काहीच नाही. तयार सिरॅमिक दगड घ्या, ४०-५० किलो पुरतो. घरी करायचा तर पांढरं सिमेंट १ भाग, अॅरागोनाइटची भरड ४ भाग, पोकळ्यांसाठी जाडं मीठ. वाळल्यावर गोड्या पाण्यात सहा ते आठ आठवडे, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलत. पाण्याचा पीएच ८.५ च्या खाली टिकला की तयार. घाईने टाकला तर टाकीचा पीएच ९ च्या वर जातो.

खरा प्रवाळी दगड मात्र घेऊ नका, आणि इथे मी आग्रहाने लिहितोय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोड्यांनाही त्याच वर्षी संरक्षण मिळालं. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी केली, प्रवाळांचं संरक्षण तसंच आहे. परदेशी आहे असं सांगून विकतात, पण दगडी प्रवाळ सगळेच सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि तसले जीव बाळगणाऱ्याला आता नोंदणी करावी लागते. दुकानदार कागद देत नसेल तर वाद न घालता बाहेर पडा. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान आणि आपला मालवणचा छोटा पट्टा, हेच देशातले मुख्य रीफ आहेत. त्यातला तुकडा बीडच्या दिवाणखान्यात मरायला आणू नये.

मऊ प्रवाळांची टाकी करा: झोअँथिड, मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया. टाकीतच वाढवून कापलेले तुकडे घ्या, पावती घ्या. यांना प्रकाशही मध्यम लागतो, प्रकाश मोजणाऱ्या पार मीटरवर ५० ते १५० पुरे. उष्णतेच्या दृष्टीने हेच इथे शहाणपणाचं.

झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप मुख्य दगडावर लावू नका, वेगळ्या बेटावर लावा. एकदा पसरले की खरवडून निघत नाहीत.

तेरणा, धाराशिव

एक धोका इथेच लिहून ठेवते. झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ, यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जीवघेणं विष असू शकतं. त्यांचा दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने घासायचा नाही. वाफेतून घरातल्या सगळ्यांना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. कापताना पाण्याखाली, हातमोजे आणि चष्मा घालून. हाताला जखम असेल तर टाकीत हातच नको.

सेलूकर, परभणी

सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं, कशी सुरू करायची? कोळंबीचा तुकडा टाकून कुजवायचा म्हणतात.

तेरणा, धाराशिव

वास येतो आणि किती अमोनिया झाला ते कळत नाही. मोजून टाका. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय माहीत नसतं, प्रयोगशाळेच्या प्रतीचा. ८०० लिटरमध्ये लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया आणायला ५ ग्रॅम लागतो. बाटलीतले समुद्री जिवाणू सोबत टाका. २६ अंश, दिवे बंद, पंप चालू. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. ५ ग्रॅम टाकल्यावर २४ तासांत दोन्ही शून्य झाले की जिवाणू तयार. चार ते सहा आठवडे. नंतर दोन मासे, दहा नव्हे.

पाण्याचे आकडे असे ठेवा: केएच (अल्कता) ८ ते ९, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००-१३५०, नायट्रेट ५-१०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. शेवटचे दोन शून्यावर आणायच्या मागे लागू नका. उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट येतात, बुडबुडे धरलेले तपकिरी चिकट धागे, आणि ते घालवणं हिरव्या शेवाळापेक्षा कठीण.

केएच १ ने वाढवायला ८०० लिटरला २४ ग्रॅम खाण्याचा सोडा. कॅल्शियम १० ने वाढवायला २९ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, विरघळवून, जोराच्या प्रवाहात. एका दिवसात केएच १ पेक्षा जास्त हलवू नये.

बालाघाट, बीड

बाष्पीभवनाच्या भरपाईच्या पाण्यात चुना मिसळतात असं ऐकलंय. पानाचा चुना चालेल?

तेरणा, धाराशिव

पानाचा नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आणि प्रमाणाबद्दल आपल्याकडे विशेष सावध राहावं लागतं. संपृक्त चुन्याची निवळी लिटरला दीड ग्रॅमची. थंड देशात दिवसाला ४ लिटर भरपाई लागते, तिथे ती पूर्ण ताकदीची चालते. आपल्याकडे मे मध्ये १२ लिटर लागते. तेवढी निवळी ८०० लिटरमध्ये केएच दिवसाला १.७ ने चढवेल, आणि मऊ प्रवाळांची टाकी दिवसाला ०.१ ते ०.३ एवढंच खाते. म्हणून उन्हाळ्यात दहाव्या हिश्शाची ताकद, किंवा सरळ साधं आरओ पाणी आणि आठवड्याला सोडा.

भरपाईच्या यंत्राला दोन सेन्सर हवेत, एक प्रकाशाचा आणि वर एक साधा फ्लोट. साठ्याची टाकी ४० लिटरपेक्षा मोठी नको. सेन्सर अडकून सगळे ४० लिटर आत गेले तरी क्षारता ३५ वरून ३३.३ वर येते, मासे जगतात. २०० लिटरचं पिंप जोडलं तर टाकीही जाते आणि हॉलही.

सेलूकर, परभणी

मुंबईहून मासे रात्रभराच्या प्रवासाने येतील. पिशवी तासभर थेंब-थेंब पाण्यावर ठेवायची ना?

खाम, छत्रपती संभाजीनगर

लांबच्या प्रवासाच्या पिशवीला ते घातक आहे. आठ-दहा तासांत पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच पडलेला असतो, त्यामुळे विषारी रूप कमी असतं. पिशवी उघडली की वायू निघतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा: पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं तरंगवा. उघडून क्षारता मोजा. विलगीकरणाच्या टाकीचं पाणी आधीच त्याच्या जवळपास आणून ठेवलेलं असावं. मासा लगेच उचलून त्यात, पिशवीचं पाणी मोरीत. एप्रिल-मे मध्ये मागवूच नका.

विलगीकरण १०० लिटरच्या साध्या टाकीत, किमान चार आठवडे. माशावर पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. तांब्याचं औषध तिथेच, मुख्य टाकीत कधीही नाही. मुख्य टाकीत रोग शिरलाच तर सगळे मासे बाहेर आणि टाकी ७६ दिवस माशांविना.

पंख्यांसाठी वर उघडी ठेवायची आहे, त्यामुळे बारीक जाळीची चौकट बसवा. फायरफिश आणि रॅस हे मासे उड्या मारतात.

सेलूकर, परभणी

आठवड्याचं काम किती निघतं?

दुधना, जालना

रोज दोन मिनिटं: तापमान, भरपाईची पातळी, सगळे पंप फिरतायत का. आठवड्याला तास-दीड तास: काच, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप, फिल्टरची कापडी पिशवी, केएच आणि क्षारता मोजणं. महिन्याला पाणी बदल, त्याला ३ किलो मीठ. तीन महिन्यांनी पंप आणि वेव्हमेकर सोडून अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात. आत चुना बसतो आणि पंप तापतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, तेव्हा चिलर आधी बंद करून ठेवायचा.

बालाघाट, बीड

सेलूकर, तुमच्या नकाशात टाकीच्या जागेखाली बीम दाखवलाय का ते आधी सांगा. नसेल तर खालच्या दुकानाची मागची भिंत विटांची आहे की कॉलममधली, तेही बघून या. त्यावर पुढचं ठरेल.